चर्चा: मागणी नसलेली दारूगोळ्याची उत्पादन-लाइन सरकारने पैसे देऊन चालू ठेवावी का?

धागाकर्ता: अमेरिकी संरक्षण खातं आपल्या पुरवठा साखळीला दोन बाजूंनी गुण देतं. नाजूकपणा म्हणजे कारखान्याची आर्थिक स्थिती, क्षेत्रात किती जण उरलेत, परदेशावर किती भिस्त. अत्यावश्यकता म्हणजे कौशल्य किती दुर्मीळ, पर्याय आहे का, बंद पडल्यास पुन्हा उभारायला किती काळ. पद्धत चांगली आहे, पण तिसऱ्या-चौथ्या फळीतले पुरवठादार, म्हणजे पुरवठादारांचे पुरवठादार, मुख्य कंत्राटदारालाच नीट ठाऊक नसतात. अमेरिकेत टीएनटी या स्फोटकाचं उत्पादन १९८६ मध्ये थांबलं आणि भिस्त पोलंडवर आली. केंटकीत नव्या कारखान्याचं कंत्राट निघायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. किमान उत्पादनाचे पैसे द्या, पण लाइन थंड पडू देऊ नका.

प्रतिसाद १: साफ असहमत. साठा करा. १५५ मिमी तोफगोळ्याची रिकामी पोलादी कवचं गंजापासून जपली तर वर्षानुवर्षं टिकतात. मोजक्या नगांच्या ऑर्डरवर जगवलेल्या कारखान्याला नवी यंत्रं घ्यायचं कारणच उरत नाही. युद्ध आलं की लाइन चालू असते, वेग मात्र वाढत नाही.

प्रतिसाद २: कवच टिकेल, भरणारे हात टिकत नाहीत. एम-७९५ या अमेरिकी १५५ मिमी गोळ्यात १०.८ किलो टीएनटी ओततात. ते ८० अंशांच्या आसपास वितळतं आणि थिजताना आकसतं. म्हणून तोंडावरच्या नरसाळ्यातलं टीएनटी शेवटपर्यंत पातळ ठेवून खालून वर थिजू द्यायचं. घाई झाली की आत पोकळी. बुडाशी फट राहिली तर झाडतानाच्या हिसक्याने गोळा तोफेच्या नळीतच फुटू शकतो, म्हणून एक्स-रे तपासणी. शिवाय नळीत जळून गोळा बाहेर फेकणारी नायट्रोसेल्युलोजची दारू साठ्यात हळूहळू विघटत जाते. हे विघटन रोखणारं रसायन, म्हणजे स्थिरक, फार घटला की सगळा लॉट नष्टच करावा लागतो.

प्रतिसाद १: दारूचं मान्य. मग दुसरा पुरवठादार तयार करा.

धागाकर्ता: दोघंही नायट्रोसेल्युलोज एकाच ठिकाणाहून घेत असतील तर तो दुसरा कसला? आणि तुटपुंजी मागणी दोघांत वाटली तर दोघंही तोट्यात. खंड पडला की काय होतं ते ब्रिटनच्या पाणबुड्या बांधणाऱ्या बॅरो गोदीत दिसलं. व्हॅनगार्ड वर्गाच्या पाणबुड्यांनंतर अ‍ॅस्ट्यूट वर्गाच्या पाणबुड्यांचं काम सुरू होईपर्यंत अनुभवी माणसं पांगली, काम रखडलं आणि २००३ मध्ये अमेरिकी पाणबुडी कारखान्याची मदत घ्यावी लागली. वेगाचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. करारातच वर्षातून एकदा दुप्पट वेगाची चाचणी घाला, जादा पाळीचे पैसे सरकारने द्यावेत.

प्रतिसाद १: एका दिवसाची चाचणी कुणीही पास होईल. उपपुरवठादारांकडचा तयार माल संपेपर्यंत चालवा, मग कुठलं यंत्र आणि कुठला कच्चा माल अडतो ते दिसेल. ही अट घातलीत तर किमान ऑर्डरला माझा विरोध नाही.