मदत हवी आहे: ट्राजनच्या स्तंभावरचा पूल लंडनमध्ये नीट दिसतो का?

आमच्या इतिहास मंडळात रोमन सम्राट ट्राजनवर स्लाइड-शो करतोय. ख्रिश्चनांना मुद्दाम शोधू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण गुन्हा शाबित झाला तर शिक्षा करा, हे त्याने आपला प्रांताधिकारी प्लिनी याला पाठवलेलं उत्तर घेतलंय. त्याच ट्राजनच्या रोममधल्या, युद्धांची दृश्यं कोरलेल्या स्तंभावर पोपने १५८७ साली सेंट पीटरचा पुतळा बसवला, तेही आहे. (ट्राजनला काय वाटलं असतं!)

अडलंय ते पुलापाशी. ट्राजनचा वास्तुविशारद अपोलोडोरस याने डॅन्यूब नदीवर बांधलेला, दगडी खांब आणि लाकडी कमानींचा पूल स्तंभावर दुसऱ्या डेसियन युद्धाच्या (डेसिया म्हणजे आजचा रोमानियाचा भाग) दृश्यांत, म्हणजे बराच वर कोरलाय. रोममध्ये खालून काढलेले फोटो निरुपयोगी, नेटवरचे अंधुक किंवा हक्क राखीव.

पुढच्या महिन्यात लंडनला जातोय. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये स्तंभाची पूर्ण प्रतिकृती दोन तुकड्यांत उभी आहे. सोबत आई आहे, गुडघ्यांमुळे जिने जमत नाहीत. वेळ एकच दुपार. कॅमेरा नाही, साधा मोबाइल आहे.

लंडनकरांनो, वरच्या तुकड्यावरचा तो पूल जमिनीवरून दिसतो का, की गॅलरीत जावं लागतं, आणि तिथे लिफ्ट आहे का?