‘दोन धन्यांची चाकरी’ यातली चाकरी म्हणजे नोकरी का?

प्रश्न

मी मडगावला एका हॉटेलात अकाउंट्स बघते. स्टाफरूममध्ये ‘काम हीच पूजा’ असा बोर्ड लावलाय आणि सीझन आला की रविवारची सुट्टी पण जाते. बरोबरची कॅथलिक मैत्रीण म्हणाली, आमच्यात असं नाही म्हणत, एका माणसाला दोन धन्यांची चाकरी जमत नाही असं येशूनं सांगितलंय, देवाची आणि धनाची. मराठी बायबल बघितलं तर एका आवृत्तीत ‘चाकरी’, दुसऱ्या आवृत्तीत ‘सेवा’. चाकरी म्हणजे नोकरीच ना? मग पोटासाठी नोकरी करणाऱ्यानं काय करायचं?

प्रतिसाद

नोकरी नव्हे ताई. नोकऱ्या दोन काय तीन पण करतात लोक, सकाळी शाळा, संध्याकाळी ट्यूशन, रात्री कुणाचं तरी हिशोबाचं काम, म्हणजे तसा अर्थ घेतला तर ते वचनच खोटं ठरेल. हे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे, तिथं मूळ ग्रीक क्रियापद ‘दास’ या शब्दावरून आलंय, दास होऊन राहणं, आठ तास भरून घरी जाणं नव्हे. आपल्या गोव्यात हे समजायला भाटकार-मुंडकार पुरे, म्हणजे जमीनदार आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारा. मुंडकाराचं घर भाटकाराच्या जमिनीत, त्यामुळे माड राखायचे, हाक आली की हातातलं टाकून जायचं, आणि काय बोलायचं ते पण जपून, कारण पायाखालची जमीन दुसऱ्याची. 1975 च्या कायद्यानं घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, त्याआधीची भीती आजीआजोबांना विचारा. एका घरात राहून दोन भाटकारांचा मुंडकार कसा होणार? प्रश्न तू किती तास राबतोस हा नाही, तू कुणाचा आहेस हा आहे.

म्हणून माझं मत ‘चाकरी’लाच. ‘सेवा’ शब्द आता गुळगुळीत झालाय, ग्राहक सेवा, सेवा शुल्क, सेवानिवृत्ती, त्यात धनी दिसतच नाही. आणि मराठीत ‘धनी’ आणि ‘धन’ शेजारी आले की कानाला जे लागतं ते ग्रीकमध्ये नाही, तिथं मालकाला वेगळा शब्द आणि पैशाला ‘मामोन’ हा अरामी शब्द तसाच ठेवलाय. हे मराठीनं जास्तीचं दिलं असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या बोर्डाबद्दल. जुन्या करारातली, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातली भाषा मुख्यतः हिब्रू, त्यात ‘आवद’ हे एकच क्रियापद शेत कसायला, गुलामीत राबायला आणि देवाची उपासना करायला, तिन्हीला चालतं. एदेन बागेत माणसाला ठेवलं ते बाग कसायलाच, म्हणजे काम हे पापानंतर आलेली शिक्षा नव्हे, कष्ट आणि घाम नंतर आले. पण जुन्या करारातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचा एकदा. इस्राएली लोक मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम, ते तिथल्या राजाकडे, फारोकडे म्हणतात आम्हाला देवाच्या उपासनेला जाऊ दे, तर तो काय करतो, विटांसाठी द्यायचा पेंढा बंद करतो, पेंढा तुम्हीच गोळा करा पण विटांचा आकडा एकानंही कमी होता कामा नये, आणि वर म्हणतो तुम्ही आळशी आहात म्हणून पूजेचं सुचतंय. टार्गेट तेच, सामान काढून घेतलं, आणि सुट्टी मागणारा आळशी! ‘सुशेगाद’, म्हणजे आरामशीर, म्हणून गोंयकाराला हिणवणाऱ्यांनी हे वाचावं. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याची आज्ञा आहे तिथं कारण पण हेच दिलंय, तू मिसरात गुलाम होतास हे आठव, म्हणून सातव्या दिवशी तुझा दास, दासी, बैल, गाढव सगळ्यांना विसावा. म्हणजे सुट्टी ही सोमवारी ताजंतवानं होऊन जास्त प्रॉडक्टिव्ह व्हायला नाही, आपण फारोचे नाही हे दाखवायला आहे.

दुसरा प्रतिसाद

पटलं पण एक बाजू राहिली. ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊ पण नये असं संत पौलानंच थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलंय, आणि तो स्वतः तंबू करून पोट भरायचा.

प्रतिसाद

बरोबर, आणि त्यात विरोध कुठाय? पौल तंबूंचा चाकर नव्हता, तंबू करणारा होता. शिवाय वाक्य ‘ज्याला करायचं नाही’ असं आहे, ‘ज्याला मिळत नाही’ किंवा ‘ज्याला झेपत नाही’ असं नाही, हा फरक लोक विसरतात आणि गरिबाच्या तोंडावर ते वचन फेकतात, त्याचा मला फार राग येतो.

तिसरा प्रतिसाद (बार्देश)

आमच्या घरी संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) होतो तेव्हा येशूनं शिकवलेल्या ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेत म्हणतो, ‘आमचो दिसपट्टो गिरास आज आमकां दी’. गिरास म्हणजे घास, दिसपट्टो म्हणजे रोजचा. मराठीत ‘रोजची भाकर’ म्हणतात. माझे वडील तारवटी, बोटीवर वर्षं काढली, मुंबईत धोबीतलावला गावच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत राहून बोटीची वाट बघायचे, भिंतीला लागून पेट्या, एका बाजूला आल्तार (देव्हारा), आणि नोकरी लागो न लागो संध्याकाळी तेर्साला बसायचंच, हा कुडीचा नियम. पैसा कमवायलाच गेले होते सगळे, त्यात लाज नव्हती. पण मागणं एका दिवसाच्या घासाचं. मिसरातून सुटलेल्या इस्राएली लोकांनी रानात देवानं दिलेलं अन्न, मान्ना, उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा केलेला टिकला, ही गोष्ट वडील त्यावरच सांगायचे.

प्रश्न विचारणारी

आभार सगळ्यांचे. मैत्रिणीला वाचून दाखवते. रविवारचा अर्ज मराठीतच लिहायचा म्हणतेय, आम्ही दोघी मिळून देणार आहोत, तिला मिसासाठी (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेसाठी) आणि मला घरासाठी.