माघात उतरणारे माळवे वैशाखापर्यंत कसे टिकवावे?

प्रश्न (लातूर तालुका)

सर्वांना नमस्कार. घरामागच्या गुंठाभर काळ्या जमिनीत आम्ही वांगी, टोमॅटो, मेथी आणि मिरची असे माळवे घेतो. येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) भज्जीपुरती मेथी परसातूनच निघाली आणि आता माघात वांगी व टोमॅटो इतके उतरत आहेत की, शेजारीपाजारी वाटूनही पाटीभर उरतात. चैत्र लागला की बोअरचे पाणी आटते, झाडे वाळतात आणि नेमक्या त्याच दिवसांत बाजारातली भाजी महाग होते. म्हणून आत्ताचे माळवे वाळवून ठेवण्याचा विचार आहे. आमच्याकडे वांग्याच्या फोडी माळवदावर थेट उन्हात टाकण्याची रीत आहे. परंतु त्या काळ्या पडतात आणि पावसाळा लागताच वाळवलेल्या मेथीला कुबट वास येतो. भाजी उकडून, तेलात बुडवून बाटलीत ठेवावी, असेही एका मैत्रिणीने सुचवले आहे. यांतले काय करावे, हे जाणत्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (परभणी)

ताई, तेलाच्या बाटलीचा विचार आधी मनातून काढून टाका. वांगी, गवार, शेवगा या भाज्यांत आंबटपणा कमी असतो. अशी भाजी उकडून तेलाखाली हवाबंद ठेवली आणि बाटली घरात तशीच राहिली, तर हवेशिवाय वाढणाऱ्या क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला ती जागा मानवते. त्याचे विष प्राणघातक असते आणि भाजीचा वास किंवा चव बिघडलेली नसतानाही ते तिच्यात असू शकते. लोणच्याची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे मीठ आणि आंबटपणा भरपूर असतो.

आता वाळवणाकडे येऊ. वांगे चिरल्याबरोबर त्यातील विकरांचा हवेशी संबंध येतो आणि फोड काळपट होते. म्हणून फोडी विळीवरून थेट मिठाच्या पाण्यात पडाव्यात. नंतर त्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून लगेच गार पाण्यात काढाव्यात, निथळाव्यात आणि बाजेवर स्वच्छ सुती कापड अंथरून पातळ पसराव्यात. वरून जुने विरळ लुगडे टाकले की माश्या आणि धूळ बसत नाही. संध्याकाळी वाळवण घरात घेण्यात मात्र कधीही कुचराई करू नये, कारण माघातल्या रात्रीच्या दवाने दिवसभराचे वाळणे वाया जाते.

मेथीला ऊन दाखवू नये. निवडून, धुऊन, पाणी पूर्ण निथळल्यावर पाने पडवीत किंवा पंख्याखाली पसरावीत. थेट उन्हाने तिचा हिरवा रंग उडतो आणि पानांतले अ जीवनसत्त्वही घटते. चिमटीत धरल्यावर पानाचा चुरा झाला पाहिजे. वांग्याची फोड वाकली तर ती कच्ची आहे असे समजावे. ती कटकन मोडली पाहिजे. कुबट वासाचे मूळ बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यातच असते: बाहेरून कोरडी दिसणारी फोड आतून ओलसर राहते आणि डबा बंद झाला की तोच ओलावा सगळ्या डब्यात पसरतो. म्हणून वाळवण पूर्ण गार झाल्यावर आधी काचेच्या बरणीत भरावे, आठवडाभर रोज हलवावे आणि झाकणाच्या आतून बाष्प दिसले तर पुन्हा वाळत घालावे.

उत्तर (बीड)

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु वांग्याच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. कोवळ्या वांग्याच्या फोडी उकळत्या पाण्यातून काढल्या की त्या लिबलिबीत होतात आणि कापडाला चिकटतात. ऊन कडक असेल, तर फोडी पातळ चिरून मिठाच्या पाण्यातून काढणे पुरेसे ठरते. रंग थोडा उतरतो, पण चवीला बाध येत नाही. गवारीला मात्र उकळीची गरज आहे, अन्यथा शेंग चिवट राहते. शेंग दोन-तीन दिवसांआड तोडत राहावी, कारण एकदा दाणा भरला की ती वाळवणाच्या कामाची राहत नाही. तशा शेंगा झाडावरच पिकू देऊन बियाणे करावे. आणखी एक सुचवतो. पुढल्या हंगामात मेथी एकदम न पेरता पंधरवड्याच्या अंतराने एकेक वाफा पेरावा, म्हणजे मुळात एवढी वाळवण्याची वेळच येणार नाही. ताजी भाजी ती ताजीच.

उत्तर (नांदेड जिल्हा, तेलंगणाच्या सीमेलगत)

पावसाळ्यात परसात अंबाडी अवश्य लावा. तिची पाने मुळातच आंबट असतात आणि ती वाळवूनही ठेवता येतात. वाळलेली पाने गरम पाण्यात भिजवून पिळावीत आणि तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवावीत. वरून लसणाची चरचरीत फोडणी हवीच, कारण तिच्याशिवाय ही भाजी पूर्ण होत नाही.

वाळलेली वांगी ताज्या वांग्यासारखी रांधू नयेत. ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून हलकेच पिळावीत, तेलात जिरे-लसूण परतून त्यात टाकावीत आणि फोडीला तेल सुटू लागले की काळा मसाला, शेंगदाण्याचा कूट व पाणी घालून मंद आचेवर शिजू द्यावीत. येसराच्या (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाच्या) आमटीत तर या फोडी फारच चांगल्या लागतात, कारण येसराचा खमंगपणा त्या पुरेपूर शोषून घेतात. मीठ मात्र शेवटी, चाखून घालावे. फोडीत ते आधीच मुरलेले असते. मेथी चुरून धपाट्याच्या पिठात घालावी.

प्रश्नकर्तीचे म्हणणे

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. वांगी दोन्ही रीतींनी थोडी थोडी वाळवून पाहीन. टोमॅटोचे तेवढे राहिले, आणि पावसाळ्यात होणाऱ्या किडीचेही सांगावे.

उत्तर (परभणी)

टोमॅटोच्या चकत्या मीठ लावून उन्हात वाळवता येतात. टोमॅटोत पाणी ९० टक्क्यांहून अधिक असल्याने पाटीभर टोमॅटोची लहानशी बरणीच भरते. त्या चकत्या आमटीत चिंचेऐवजी चालतात, किंवा भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि तिखटाबरोबर कुटून भाकरीला चटणी होते. घरी शीतकपाट असेल, तर टोमॅटो शिजवून, गाळून आटवावेत आणि तो गर बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. बाटलीत भरून बाहेर ठेवू नये, कारण पिकलेल्या टोमॅटोचा आंबटपणा दरवेळी पुरेसा असतोच असे नाही.

किडीसाठी, वाळवण भरलेली पिशवी घट्ट बांधून दोन दिवस त्याच बर्फाच्या कप्प्यात ठेवावी, म्हणजे अंडी मरतात. बाहेर काढल्यावर ती घरातल्या उष्णतेला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत पाणी धरते. शीतकपाट नसेल, तर मृगाचा पाऊस येण्यापूर्वी एकदा सगळे वाळवण कडक ऊन दाखवून, गार करून पुन्हा भरावे. मेथी तेवढी या उन्हातून वगळावी आणि ती आधीच संपेल एवढीच वाळवावी.