नामिबियात वाळूत काटेरी झुडूप दिसलं, पान एक नाही पण फळं आहेत, काय असेल?

सोलापूरचा_खलाशी:
नमस्कार मंडळी, जहाज वॉल्विस बे ला लागलंय, काल सुट्टी होती म्हणून कुइसेब नदीच्या बाजूला वाळूत फिरायला गेलो तर छातीएवढ्या उंचीचं हिरवं काटेरी जाळं आणि आत लहान नारळाएवढी खडबडीत फळं. एक हिरवंच तोडून चाखलं तर कडूजहर, जीभ अजून चरचरतेय. विषारी नाही ना? आणि बी आणून सोलापूरला लावलं तर येईल का, पाऊस आमच्याकडे पण कमीच.

रानवेडा:
हे नारा. काकडी-कारल्याच्या कुळातलं, फक्त नामिबच्या वाळवंटात आणि तिथल्या किनारपट्टीला होतं. आपली काकडी कधी कडू निघते ना, ते ज्याने होतं तेच कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य याच्या कच्च्या फळात भरपूर असतं. आता अजिबात खाऊ नकोस, उलट्या किंवा पोटात मुरडा आला तर कॅप्टनला सांगून लगेच डॉक्टर गाठ. पानं नाहीत कारण पानांतून पाणी उडतं, अन्न बनवायचं काम हिरव्या फांद्या आणि काटेच करतात. आणि हे पावसावर जगतच नाही रे, मूळ खूप खोल भूजलापर्यंत जातं, वर वाळू साचत जाते तसं झुडूपही वर सरकतं. त्यात नर-मादी झाडं वेगळी, एकच रोप लावलंस आणि ते नर निघालं तर फळ नाहीच.

विंडहुक_रिटर्न:
तिथे टोपनार लोक राहतात, स्वतःला आओनिन म्हणवतात, त्यांचं पिढ्यान्पिढ्याचं अन्न आहे हे, पूर्वी कोणती झुडपं कुठल्या घराण्याची हेसुद्धा ठरलेलं असायचं. त्यामुळे असं तोडत जाऊ नकोस प्लीज. पिकलेली फळं गाढवाच्या गाडीतून आणतात, पिंपात गर शिजवून बिया वेगळ्या काढतात आणि उरलेला गर वाळूवर ओतून वाळवतात, थेट आपल्या फणसपोळीसारखा! बिया लोण्यासारख्या लागतात, मला तर बदामापेक्षा आवडल्या.

रोपवाटिका_नाशिक:
बी लावायला आणायचं तर आधी आयात परवाना आणि तिथलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बियाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) लागतं, खिशात घालून आणू नका. आणि मोकळ्या वाळूतलं झाड काळ्या मातीत रुजवायचा हट्ट मी तरी करणार नाही.

सोलापूरचा_खलाशी:
मुरडा वगैरे काही नाही, जिभेची चरचर उतरतेय. कोणाची असतील हे डोक्यातच आलं नाही, चुकलं. लावायचं सोडलं, पण बिया विकत घेऊन खाईन म्हणतो, कच्च्या घेऊ की भाजलेल्या?

विंडहुक_रिटर्न:
भाजलेल्या घे, आणि जमलं तर टोपनार बाईकडूनच घे.