दोन्ही जाळ्यांना 'जाळी'च म्हणायचं का?

जुन्या चिनी नकाशांवरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात 'जीली ह्वाफांग' आलंय, म्हणजे शब्दशः 'ली मोजून चौकोन आखणे'. ली हे त्यांचं अंतराचं माप, आपल्या कोसासारखं पण बरंच लहान, साधारण अर्धा किलोमीटर. मी बिनधास्त 'जाळी' लिहीत गेले आणि पुढच्याच पानावर जेझुइट पाद्र्यांचे अक्षांश-रेखांश आले, ती पण जाळीच! आता एका वाक्यात दोन जाळ्या आणि कुठली कुठली ते माझं मलाच कळेना.

— ताई, एकच शब्द वापरू नका, मुळात वस्तूच दोन आहेत. चीनमधल्या शीआन शहरात 1136 सालची एक शिळा आहे, तिच्यावर कोरलेल्या नकाशात एक चौकोन म्हणजे 100 ली, सरळसरळ गणिताची चौकटीची वही, जमीन सपाट धरून आखलेली. याला 'चौकटी' म्हणा. अक्षांश-रेखांशांसाठी शाळेच्या भूगोलातला 'वृत्तजाळी' आयता आहेच. दोन्ही जुळत का नाहीत तेही गमतीचं आहे. कांगशी बादशहाने 1708 पासून जेझुइटांकडून देशाची मोजणी करून घेतली, त्यात एक अंश म्हणजे 200 ली असा हिशोब ठरलेला. उत्तर-दक्षिण झकास बसतं, एक चौकट म्हणजे अर्धा अंश. पण रेखांश ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून आडवं मोजायला गेलं की बीजिंगजवळ, 40 अक्षांशावर, रेखांशाचा एक अंश 153 लीच्या आसपासच भरतो, मग चौकटी आणि रेखांशाच्या रेघा एकमेकींपासून सरकत जातात.

— थोडं अवांतर. 'भूमध्य समुद्र'ला चिनीत 'दीजोंगहाय' म्हणतात, दी म्हणजे भू, जोंग मध्य, हाय समुद्र, आपल्यासारखंच! इटालियन जेझुइट पाद्री मात्तेओ रिची आणि चिनी विद्वान ली जिजाओ यांच्या 1602 च्या जगाच्या नकाशात हे नाव आहे. विषुववृत्ताला मात्र नवा शब्द पाडला नाही, त्यांच्या खगोलातला जुनाच 'छदाओ' घेतला, म्हणजे तांबडी वाट. मला तर हा आपल्या शब्दापेक्षा आवडला.

— तांबडी वाट भारीच! मग माझं वाक्य असं करते: '19व्या शतकातल्या काही चिनी नकाशांवर लीच्या चौकटी आणि वृत्तजाळी एकावर एक छापलेल्या दिसतात.' चालेल?

— पळेल. फक्त 'लीच्या चौकटी'त ली कोण बाई असं वाटतंय, '100 लीच्या' लिहा.