निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू-कट काचेने डोळ्यांची चुरचुर थांबते का? झोप सुधारते का?

नवा_चष्मा: दिवसाला आठ तास लॅपटॉप, वर रात्री अंथरुणात तासभर रील्स. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, झोप बाराच्या पुढे सरकते, मानही आखडते. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर). दुकानदार म्हणतो ब्लू-कट काच घ्याच, हजारभर रुपये जास्त. घ्यावी का?

बुबुळराव: हजार रुपये खिशातच राहू द्या. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला. डोळ्यांचा ताण कमी होण्यात ब्लू-कट आणि साध्या काचेत निदान अल्प मुदतीत तरी फरक दिसला नाही, आणि झोपेबद्दल ठाम काही सांगता आलं नाही.

चुरचुर मुख्यतः कोरडेपणाची असते. एरवी पापणी मिनिटाला १५-२० वेळा लवते. स्क्रीनकडे टक लावली की निम्म्यावर येते आणि पुष्कळदा अर्धवटच मिटते. मग बुबुळाचा खालचा भाग ओला होतच नाही. म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघा, आणि त्यातच आठ-दहा वेळा पापण्या पूर्ण मिटा, वरची खालचीला टेकली पाहिजे. नुसतं लांब बघून अर्धंच काम होतं. एसीचा झोत किंवा पंखा थेट तोंडावर नको.

तरी भागलं नाही तर कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्क्याचे थेंब (डोळे ओले ठेवणारे कृत्रिम अश्रू) दिवसातून तीन-चार वेळा. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा, बहुतेक महिनाभरात टाकून द्यायच्या असतात. लाली घालवणारे थेंब रोज घातले की सोडल्यावर डोळे जास्तच लाल होतात. आणि केमिस्टने सहज काढून दिलेले स्टेरॉइडचे थेंब तर नकोच, काचबिंदू मागे लागू शकतो.

मणका_सरळ: मानेचं मूळ चष्म्यात असू शकतं. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचा नंबर काचेच्या तळाशी असतो. ‘लॅपटॉप स्टँडवर चढवा’ हा सल्ला सगळे देतात, पण प्रोग्रेसिव्हवाल्याला तो उलटा पडतो: अक्षर दिसावं म्हणून हनुवटी वर जाते आणि मान मागे मोडून राहते. बाजूने कुणाला तरी फोटो काढायला सांगा, लगेच कळेल. स्क्रीन खाली घ्या, नाहीतर फक्त कामापुरता वेगळा चष्मा करा. डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या (साधारण ५५ ते ६५ सेंमी भरतं), अंदाजाने सांगू नका.

रातकिडा: झोपेचं वेगळं. निळ्या प्रकाशाने मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, दबतं हे खरं, पण २०१५ च्या एका गाजलेल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी रोज चार तास उजळ ई-रीडर वाचणाऱ्यांना छापील पुस्तकवाल्यांपेक्षा झोप लागायला सुमारे १० मिनिटंच जास्त लागली. तुमची रात्र खातात ती न संपणारी रील्स. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, डिजिटल वेलबीइंग, बेडटाइम मोड. त्यात ग्रेस्केल चालू करा आणि वेळ १०:३० लावा. रंग गेले की रील्सची अर्धी चव जाते. नुसत्या अ‍ॅप टायमरवर विसंबू नका, तो वाढवायला दोन टिचक्या पुरतात. चार्जर मात्र बाहेरच्या खोलीत.

नवा_चष्मा: फोन अलार्मसाठी उशाशी लागतो.

रातकिडा: सेलवालं गजराचं घड्याळ घ्या. घेताना कानाला लावून बघा, काहींची टिकटिक रात्री हातोड्यासारखी ऐकू येते.