२० × ४० च्या किराणा दुकानात रॅक कसे लावावेत?

गाळा_नंबर_४: दार २० फुटांच्या बाजूला, मधोमध. काउंटरचं दुकान सेल्फ-सर्व्हिस करायचंय. फॅब्रिकेटर तीन फुटी दुहेरी गोंडोलांच्या (दोन्ही बाजूंना फळ्या असलेल्या, मधोमध उभ्या रॅकच्या) दोन रांगा आणि दोन्ही भिंतींना दीड फुटी रॅक सुचवतोय. गिऱ्हाईक मागच्या भिंतीपर्यंत जाईल ना?

मापपट्टी: आधी बेरीज करा. रॅकमध्येच ९ फूट गेले. उरलेल्या ११ फुटांत तीन गल्ल्या, म्हणजे जेमतेम ३ फूट ८ इंच. खालच्या फळीवरचा साबण बघायला कुणी वाकलं आणि मागून बास्केट घासली, की वस्तू ठेवून माणूस उठतोच. गिऱ्हाइकांच्या सवयींचे अभ्यासक पॅको अंडरहिल यांनी दुकानांतल्या चित्रीकरणातून टिपलेली गोष्ट आहे ही. फळ्या १५ इंची घ्या: गोंडोला अडीच फूट, भिंतीचा रॅक सव्वा. गल्ली ४ फूट २ इंच होते. एक रांग कमी करायचा मोह टाळा. साडेसात फुटी गल्लीत लोक एकाच बाजूला बघत सरळ निघून जातात.

दारापासून ५-६ फूट मोकळे सोडा. आत आलेला माणूस तिथे छत्री मिटत असतो, डोळे उजेडाला सरावत असतात. ऑफरचा बोर्ड वाया जातो. बास्केटही त्यापुढे, आणि एक चळत मध्यावर. हातात दोन-तीन वस्तू झाल्यावरच बास्केट आठवते!

नकाशावही: मापं बरोबर. दूध, साखर, पीठ मागच्या भिंतीला लावा, लोक जातात. १५ किलोचे तेलाचे डबे मात्र बिलाच्या काउंटरजवळ. एवढं ओझं मागून कोण आणणार? सुट्या धान्याचा काटा मागे नकोच. चार माणसांची रांग लागली की तिन्ही गल्ल्यांची तोंडं बंद. १, २ आणि ५ किलोची पाकिटं आधीच भरून ठेवा.

गाळा_नंबर_४: गिऱ्हाईक उजवीकडेच वळतं म्हणतात. मग एकच वाट ठेवू का?

मापपट्टी: उजवीकडचा नियम अमेरिकी दुकानांतला, तो इथे डोळे झाकून लावू नका. एकच वाट अमेरिकेत मेम्फिसच्या पिगली विगली या सेल्फ-सर्व्हिस किराणा दुकानात १९१६ पासून होती, फिरत्या फाटकासकट. पण तुमच्याकडे अर्धा लिटर दुधासाठी आलेला माणूस अख्खं दुकान फिरायला लावलं तर चिडेल. रांगा तात्पुरत्या उभ्या करा, शनिवारी संध्याकाळी ३० गिऱ्हाइकांची वाट नकाशावर पेन्सिलीने ओढा. जिथे रेघा दाट, तिथे बिस्किटं नकोत, ती तशीही खपतात. नवा माल लावा. बोल्ट त्यानंतर.

नकाशावही: आणि फ्रिजचा पॉइंट मागच्या भिंतीत आत्ताच काढून घ्या, नाहीतर वायर गल्लीतून जाईल.